नंदू, तो आकडा चुकला होता

प्रिय नंदू,

गेल्या रविवारी तुझ्या टोळीतला जिग्नेश घरी आला होता. ओळखलंच नसतंस त्याला. पोट सुटलंय, डोक्यावरचे केस कमी झालेत. काशिमिऱ्याला स्वतःचं गॅरेज टाकलंय त्याने. आईच्या पाया पडला, तुझ्या फोटोला हात लावला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दीदी, मशीन है ना अभी?"

मशीन म्हणजे आपलं टायमिंगचं मशीन. ते आहे. माळ्यावर, चादरीत गुंडाळलेलं. चार वर्षांत मी त्याला हात लावलेला नाही.

त्याला परत एकदा विमानांच्या त्या जुन्या, बंद धावपट्टीवर गाड्या पळवायच्या आहेत. परवानगी मिळालीय, अँब्युलन्स उभी राहणार आहे, सगळं रीतसर. आणि मग तो म्हणाला, "दीदी, शुरू में बोर्ड लगाएंगे. नंदू का रेकॉर्ड, एक सौ चालीस. जो तोडेगा उसको नंदू के नाम की ट्रॉफी."

मी चहाचा कप खाली ठेवला. आईने माझ्याकडे बघितलं. "विचार करून सांगते," एवढंच म्हटलं.

म्हणून हे पत्र, नंदू. ताशी एकशे चाळीस किलोमीटरचा तो वेग खोटा होता. हे तुला सांगायला मला चार वर्षं लागली आणि आता तू ऐकायला नाहीस. पण थांब, पुढे आणखी बरंच आहे.

आठवतंय, हे सगळं सुरू कसं झालं ते? आपण लालबागची खोली सोडून इकडे काशिमिऱ्याजवळ बेव्हर्ली पार्कला आलो, बाबा वर्षभरातच गेले, तू कॉलेज सोडून गॅरेजला लागलास. मला डिप्लोमावर खारी गावाजवळच्या कारखान्याच्या गाळ्यात नोकरी लागली. पॅकिंग मशीनचे सेन्सर बनवायचे. एका बाजूने न दिसणारा किरण सोडायचा, समोर तो पकडणारा डोळा. बिस्किटाचा पुडा मधून गेला की किरण तुटतो आणि मशीनला कळतं, एक पुडा गेला. इथली महानगरपालिका होऊन तेव्हा दोनतीन वर्षंच झाली होती, सगळीकडे खोदलेलं होतं आणि तू आणि तुझी टोळी पहाटे घोडबंदर रोडवर शर्यती लावत होतात. मला कळलं तेव्हा मी तुझ्या पाठीत धपाटा घातला होता!

तू म्हणालास, "मग बंद धावपट्टीवर करतो. पण तिथे टायमिंग कोण देणार? आम्ही मोबाइलचं स्टॉपवॉच दाबतो आणि मग भांडतो."

आणि मग हळूच, "ताई, तुझे ते डोळे दे ना."

तुला वाटायचं, पोलिसांसारखी गन गाडीवर रोखतात आणि वेग कळतो. मी ओट्यावर दोन काडेपेट्या ठेवल्या होत्या, हातभर अंतरावर. आईच्या टोपलीतलं लिंबू घेऊन घरंगळवलं. "हे बघ. पहिल्या काडेपेटीपाशी एक किरण, दुसरीपाशी दुसरा. लिंबाने पहिला तोडला की घड्याळ सुरू, दुसरा तोडला की बंद. मधलं अंतर आपल्याला माहीत आहे. अंतराला वेळेने भागायचं. झाला वेग."

"म्हणजे मशीनला वेग दिसतच नाही?"

"त्याला फक्त वेळ दिसते. अंतर आपण सांगायचं."

तू ते लिंबू पुन्हा एकदा घरंगळवून बघितलंस. मग विचारलंस, "आणि सुरुवातीला? हिरवा दिवा लागला की घड्याळ सुरू?"

"नाही. पुढचं चाक किरणात उभं असतं. ते किरणातून बाहेर पडलं की सुरू."

"म्हणजे मी हिरव्यावर चहा पीत बसलो तरी चालेल?"

"घड्याळाला चालेल. शेजारची गाडी निघून जाईल!"

किती हसला होतास. आई म्हणाली, लिंबू धुऊन टोपलीत ठेवा.

तीन महिने मी ते मशीन बनवत होते. साहेबांनी गाळ्यातले जुने सेन्सर घ्यायला परवानगी दिली होती. सुरुवातीला एक जोडी, शेवटाला दोन. शेवटच्या दोन जोड्यांमध्ये बरोबर वीस मीटर. चारशे मीटर पळून गाडी त्या वीस मीटरांत येते तेव्हा तिचा वेग सगळ्यात जास्त असतो. तेवढ्या पट्ट्याचा वेग आपण गाडीचा वेग म्हणायचा. तुझी पांढरी गाडी ते वीस मीटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास पार करायची. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात! आणि तेवढ्यात माझ्या डब्यावर लाल आकडे उमटायचे.

तू पार लांब जाऊन गाडी थांबवायचास, खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडायचास, "ताई, किती?"

तो आवाज गेला नाही रे. गाळ्यात मशीन चालू असतं, पुड्यामागून पुडा किरण तोडत जातो, मोजणीचा आकडा एकेकाने पुढे सरकतो आणि कुठून तरी येतो. ताई, किती? मी मान वर करते. समोर सुपरवायझर उभा असतो. "मॅडम, कुछ बोला?"

त्या रेकॉर्डच्या दिवशी तू तीनदा पळवलीस गाडी. पहिल्यांदा एकशे चोवीस. दुसऱ्यांदा एकशे पंचवीस. सुरुवातीपासून शेवटापर्यंतची वेळ सतरा पूर्णांक नऊ सेकंद, दोन्ही वेळा. मग दुपार कलली. थंडीतलं तिरकं ऊन शेवटच्या आधीच्या डोळ्यात थेट शिरायला लागलं. एवढा उजेड आत गेला की त्याला किरण तुटलेला कळत नाही. दोन गाड्या गेल्या आणि मशीन गप्प. पोरं ओरडायला लागली. कडेला पाण्याचा टँकर उभा होता, त्याची सावली थोडी पुढे पडली होती. मी आणि जिग्नेशने ती जोडी उचलून सावलीत ठेवली. मशीन लगेच चालू झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अंतर मी बदललं नाही. मशीनला वीस मीटरच माहीत होते.

त्यानंतर एकच गाडी पळाली. तुझी.

एकशे चाळीस! मी मोठ्याने वाचला आकडा. मीच वाचला, नंदू. पोरांनी तुला गाडीतून ओढून खांद्यावर घेतलं. मी माझ्या अक्षरात चिठ्ठी लिहिली, तुझं नाव, वेळ सतरा पूर्णांक आठ, वेग एकशे चाळीस, आणि तुझ्या शर्टाच्या खिशात घातली. कौतुकाने घातली रे.

मग सामान आवरायला गेले तेव्हा मला जमिनीवरची खडूची खूण दिसली. स्टँड त्या खुणेपासून दोन मोठ्या पावलांवर उभा होता. टेप लावून बघितली. दोन मीटर. म्हणजे तुझी गाडी वीस नाही, अठराच मीटर पळाली होती आणि मशीनने वीस धरून भागाकार केला होता. खरा वेग एकशे सव्वीस.

मी वळून बघितलं. तू टँकरच्या टपावर चढून नाचत होतास. मी टेप गुंडाळून पिशवीत टाकली. म्हटलं, उद्या सांगू. आज राहू दे.

उद्या मला डबल ड्युटी होती. परवा तू गाडी घेऊन वसईला गेलास. मग मला वाटलं, कशाला सांगायचं? कोणाचं काय बिघडलं?

अकराव्या दिवशी सकाळी सात वाजता तू घोडबंदर रोडवर, वरसाव्याच्या पुढे, उभ्या असलेल्या ट्रकवर आदळलास. आम्हाला सांगितलं, जागीच गेला. पंचनाम्यात लिहिलं, भरधाव वेगात.

मी काय समजायचं, सांग. आपल्या भावाला मी खोटा वेग दिला, त्याला वाटलं आपली गाडी एकशे चाळीस जाते, आपण ती सांभाळतो, आणि तो त्या भरवशावर गेला. पंचनाम्याच्या नकलेत टायर घासल्याची लांबी फुटांत लिहिलेली होती. त्यावरून मी तुझा वेग काढायला बसायचे. रस्ता कोरडा धरून. ओला धरून. टायर नवे धरून, जुने धरून. दर वेळी वेगळं उत्तर. कधी साठ, कधी नव्वद. गाळ्यातल्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर नुसती तीच गणितं. लग्नासाठी दोन स्थळं आली, आईने मुलगा बघायला बोलावला, आणि मी चहा घेऊन जाताना मनात काय करत होते माहितेय? ब्रेक मारायला माणसाला किती वेळ लागतो, ते धरायचं राहिलं, असा विचार!

वरसाव्याला मी कधीच गेले नाही. ठाण्याला जायचं झालं तरी बोरिवली, दादर असा वळसा घालून गेले. आईने कारण विचारलं नाही. तुझी ती चिठ्ठी तिने फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलीय, नाव तुझं आणि अक्षर माझं म्हणून. मला रोज ती समोर दिसायची.

पण रविवारी जिग्नेश येऊन गेला आणि मला भीती वाटली. आता वीस पोरं त्या एकशे चाळीसच्या मागे लागणार. एकशे सव्वीसच्या गाड्या घेऊन!

आई मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. खडूची खूण, टेप, टँकर, सगळं. एकदाही रडले नाही. सांगून झाल्यावर म्हटलं, "आई, माझ्यामुळे गेला तो."

तिचे हात थांबले नाहीत. एक जुडी संपवली, दुसरी सोडली.

"हे होय?" ती म्हणाली. "ते मला माहितेय."

"काय माहितेय?"

"आकडा चुकला होता ते. नंद्यानेच सांगितलं त्याच दिवशी. तू आंघोळीला गेली होतीस."

नंदू! अरे, तुला माहीत होतं?

आईने तुझी नक्कल करून सांगितलं, तुझ्यासारखे हात हलवून. "म्हणाला, आई, ताईचा स्टँड हलला. मी बॉनेटवर बसून बघत होतो. आणि बघ ना, वेळ सतरा पूर्णांक नऊची आठ झाली, म्हणजे काहीच नाही, आणि वेग एकदम पंधराने वाढला? असं होतं का कधी? आपल्या गाडीत तेवढा दम नाही. पण तू बोलू नकोस हां. पोरांसमोर तिचं नाव झालंय. ती आठवडाभर जेवणार नाही."

मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाहीस गं, चार वर्षं?"

"त्याने बोलू नको म्हटलं होतं. आणि तू ते मनाला लावून बसलीयेस हे मला काय ठाऊक? मला वाटलं, भाऊ गेला म्हणून अशी झालीय."

नंदू, मी तुझ्यावर चिडले. खरंच चिडले. तू मला सांभाळून घेतलंस, मी तुला सांभाळून घेतलं, आणि आई दोघांच्या मध्ये गप्प. तोंड उघडायला काय झालं होतं तुला? एरवी माझी टिंगल करायची एक संधी सोडायचा नाहीस! एकदा म्हणाला असतास, "ताई, गंडलीस," तर मी दोन दिवस उपाशी राहिले असते आणि तिसऱ्या दिवशी जेवले असते. तेवढंच झालं असतं.

पण त्याच वेळी छातीवरून काहीतरी उतरलंही. तुला माहीत होतं. म्हणजे तू माझ्या आकड्याच्या भरवशावर गेला नव्हतास.

मग आई म्हणाली, "शेवटी हसत म्हणाला, पुढच्या वेळी खरंच एकशे चाळीस काढतो, मग सांगू ताईला."

पुढच्या वेळी. कुठल्या पुढच्या वेळी, नंदू? धावपट्टीवरच्या? की त्या सकाळच्या?

आई मेथीचे देठ गोळा करत होती. तिला तो प्रश्न सुचलाच नव्हता. मी तो तिच्यासमोर काढला नाही.

काल मी गाळ्यातून अर्धी रजा घेतली आणि रिक्षा केली. रिक्षावाल्याने विचारलं, "वरसावे में किधर?" मी म्हटलं, "पुढे. जरा पुढे." जागा मला पंचनाम्यावरून पाठ होती, पुलापासून किती, खांब कुठला. उतरले. काहीच नव्हतं तिथे. रस्ता नवा झालाय. मोठमोठे कंटेनर जातायत, धुळीने डोळे भरतायत. कडेला एका झाडाखाली गावातली एक म्हातारी गावठी काकड्या घेऊन बसली होती. मी तिच्याशेजारी उभी राहिले. काय करायचं ते कळेना, म्हणून काकड्या घेतल्या.

मग विचारलं. चार वर्षांपूर्वी, पांढरी गाडी, ट्रक.

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू कोन त्याची?"

"बहीण."

"बस," ती म्हणाली. गोणपाट पुढे सरकवलं. "मीच पानी आनलं त्याला."

माझ्या तोंडून सगळ्यात आधी काय निघालं असेल? "मावशी, तो किती जोरात होता?"

"मला न्हाय ठाव, बाय. माझी पाठ व्हती. हॉरन आयकला. लांब हॉरन. मंग आवाज."

"रस्त्यात कोणी आलं होतं का? माणूस, गुरं?"

"पाठ व्हती ना माझी. मी वललीं तवा कोन न्हवता."

मी उठायला लागले तर तिने माझा हात धरला. "त्यो बोलला माझ्याशी."

आम्हाला जागीच गेला म्हणून सांगितलं होतं, नंदू!

"मी डोका धरला त्याचा. त्यानं इचारलं, मावशी, कोनाला लागलं का? मी बोलली, न्हाय रं बाला, कोनाला न्हाय लागलं. मंग डोले मिटले. पानी न्हाय घेतलं."

"तुम्ही हे पोलिसांना सांगितलं नाही?"

"इचारलं कोनी? मी हाय हितंच. रोज."

मी रोज हिशोब मांडत होते आणि ती रोज तिथे बसली होती. रिक्षाने वीस मिनिटं.

कोणासाठी हॉर्न वाजवलास? कोण होतं रस्त्यात? की कोणीच नव्हतं, आणि तुला नुसतं वाटलं? तू एकशे चाळीसच्या मागे होतास की नुसता कामावर चालला होतास? मी घरी येईपर्यंत हेच करत होते. कंटेनर मोजत होते, दोन खांबांमधली सेकंदं मोजत होते. मग आपल्या बिल्डिंगखाली उतरले आणि लक्षात आलं, काकड्या रिक्षातच राहिल्या.

संध्याकाळी जिग्नेशला फोन केला. त्याला सगळं सांगितलं.

"दीदी," तो म्हणाला, "चार साल से मैं एक सौ चालीस के पीछे हूँ. पिछले महीने फाउंटन होटल के पास ब्रेक नहीं लगा था. बाल बाल बचा. घर पे किसी को नहीं बोला."

"आता कळलं ना? ती गाडी तेवढी जातच नव्हती."

"फिर बोर्ड पे क्या लिखूँ?"

"एकशे सव्वीस. आणि खाली लिही, टायमिंग चुकलं होतं, मंजूचं."

तो म्हणाला, लिहितो. आणि रडला रे. एवढा मोठा माणूस.

येत्या रविवारी मी धावपट्टीवर जाणार आहे. मशीन माळ्यावरून काढलंय, दोन वायरी उंदराने खाल्ल्यात, त्या बदलीन. पोलादी टेप घेतलीय. स्टँड जमिनीत ठोकूनच लावीन. ऊन आलं तर गाड्या थांबतील, पोरं ओरडली तर ओरडू देत.

पण त्याआधी उद्या सकाळी आईला वरसाव्याला नेणार आहे. तू शेवटी काय बोललास ते मी तिला घरी सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर ती माझ्याकडे बघेल, माझ्या आवाजात ऐकेल. ते तिने त्या बाईच्या तोंडून ऐकावं, जिच्या हातात तुझं डोकं होतं. त्या दोघी बोलतील. मी बाजूला उभी राहीन.

आणि तुला एक वचन देते, नंदू. त्या सकाळी तुझा वेग किती होता, हे मी पुन्हा कोणाला विचारणार नाही. कागदावर मांडणार नाही. रस्ता ओला धरून नाही, कोरडा धरून नाही. मनात तो प्रश्न आला की तू जे विचारलंस ते आठवेन आणि त्या मावशीने जे उत्तर दिलं ते मोठ्याने म्हणेन. कोणाला नाही लागलं, बाळा. कोणाला नाही.

जमेल का, माहीत नाही. पण सुरुवात उद्यापासून.

तुझी,
मंजूताई